कायद्याचे घर पाहताना

दिल्लीला जाणारी आपली माणसे पहिल्यांदा २६, अलीपूर रोड गाठतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ती ही जागा. तेथे ग्रंथाच्या आकाराचे भव्य राष्ट्रीय स्मारक उभे असून १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पुढे लाल किल्ला, कुतुबमिनार, करोलबागेत थोडी खरेदी आणि परतीची गाडी, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. वाचक बंधू-भगिनींना माझे सांगणे एवढेच की, त्यात अर्धा दिवस संसदेसाठी राखून ठेवावा. स्मारकाजवळच्या सिव्हिल लाइन्स स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची गाडी धरली, की ती न बदलता केंद्रीय सचिवालयाला उतरता येते.

जुनी गोल इमारत लांबूनच ओळखू येते. तिच्याभोवती १४४ खांब आहेत. १९२७ साली ती इंग्रज सरकारने वापरात आणली. राज्य त्यांचे, इमारत त्यांची. परंतु याच इमारतीच्या मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. याच सभागृहात १२ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. स्वतंत्र भारताच्या संसदेत ते लागायला चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला, हेही लक्षात ठेवावे. आता या इमारतीला ‘संविधान सदन’ म्हणतात. शेजारी त्रिकोणी आकाराची नवी इमारत उभी आहे. १९ सप्टेंबर २०२३ पासून दोन्ही सभागृहांचे कामकाज तेथे चालते. आवारातील बाबासाहेबांचा पुतळा २०२४ साली जुन्या जागेवरून हलवून ‘प्रेरणास्थळ’ येथे बसविण्यात आला.

अधिवेशन चालू असताना आत बसून कामकाज पाहायचे तर खासदाराच्या शिफारशीने प्रेक्षक सज्जाचा पास मिळवावा लागतो. १३ डिसेंबर २०२३ रोजी सज्जातून दोघांनी सभागृहात उड्या टाकल्या, तेव्हापासून तपासणी फार कडक झाली आहे. ओळखपत्र जवळ असावे. मोबाईल, पिशव्या बाहेरच ठेवाव्या लागतात. सज्जात टाळी वाजवायची नाही, घोषणा द्यायची नाही, शेजाऱ्याशी कुजबुजायचेही नाही.

आमच्या गटात वस्तीतल्या एक मावशी होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, दोन-दोन सभागृहं कशाला? एकानं भागत नाही काय?” प्रश्न साधा आहे, पण नेमका आहे. त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

लोकसभा म्हणजे जनतेने थेट निवडलेले सभागृह. तिच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा येतात. मुदत पाच वर्षांची. राज्यसभा हे राज्यांचे सभागृह. तिच्या २४५ जागांपैकी २३३ सदस्यांना आमदार निवडून देतात आणि १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राचे १९ सदस्य असतात. प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणून राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. तेथे राखीव जागा मात्र नाहीत. १९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेव्हा ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत तेथे सदस्य राहिले. एका सभागृहाचे दार बंद झाले तरी दुसऱ्यातून देशाला त्यांचा आवाज ऐकू येत राहिला. मावशींच्या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले.

दुसरे उत्तर कामकाजात आहे. आम्हा कारकुनांना फाईल कळते, म्हणून तसेच सांगतो. विधेयक म्हणजे कायद्याची कच्ची फाईल. ती एका सभागृहात मांडली जाते, ही झाली आवक. मग तिच्यावर चर्चा होते, वाटल्यास समितीकडे पाठवतात, आणि नंतर एकेक कलम घेऊन मतदान होते. शेवटी संपूर्ण विधेयक मंजूर करायचे की नाही हे ठरते. बहुतेक वेळा ‘हो’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे आवाजानेच मत देतात. कोणी मागणी केली तर मोजणी होते. तेथून फाईल दुसऱ्या सभागृहात जाते आणि हे सारे तिथे पुन्हा होते. दोघांचा शेरा जुळला म्हणजे ती राष्ट्रपतींच्या सहीला जाते. राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा या तिघांची मिळून संसद होते.

दोघांचे जुळलेच नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर तीनच विधेयके अशा बैठकीत मंजूर झाली : १९६१ साली हुंडाबंदीचे, १९७८ साली बँक सेवा आयोग रद्द करण्याचे आणि २००२ साली दहशतवादविरोधी ‘पोटा’चे. पैशाच्या विधेयकाची गोष्ट वेगळी. ते लोकसभेतच मांडावे लागते, आणि राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचे असते. तिच्या सूचना मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची पळवाट नाही. ती प्रत्येक सभागृहात वेगवेगळी आणि विशेष बहुमतानेच मंजूर व्हावी लागते.

आता आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतो, अलीकडे दोनदा या घरात दुरुस्तीला आला. पहिल्यांदा विधेयक जुलै २०१४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते सामाजिक न्यायाच्या स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये आला, लोकसभेने ऑगस्ट २०१५ मध्ये आणि राज्यसभेने डिसेंबर २०१५ मध्ये मंजुरी दिली, आणि २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. चपलांचा हार घालणे, डोके किंवा मिशी भादरणे असे गुन्हे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे नवे प्रकरण आले. फाईल दीड वर्ष फिरली, पण भरून परतली.

दुसऱ्यांदा प्रसंग बाका होता. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी परवानगीची अट घातली. २ एप्रिलला भारत बंद झाला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर विधेयक ३ ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले, ६ तारखेला तेथे मंजूर झाले, ९ तारखेला राज्यसभेने मंजूर केले आणि १७ तारखेला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्या दोन्ही अटी निघाल्या. १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयानेही ही दुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे फाईल हळू चालते आणि पळतेही. ती पळाली तेव्हा लाखो माणसे रस्त्यावर होती. परंतु प्रत्येक कलमासाठी रस्त्यावर येणे कष्टकऱ्याला परवडत नाही. त्या दिवसाची रोजी बुडते आणि कधी जीवही जातो. आपले म्हणणे शांतपणे नोंदवण्याची जागा म्हणजे समिती. अनेक विधेयकांवर समित्या जाहिरात देऊन लोकांकडून निवेदने मागवतात. मात्र २००४ ते २०१४ या काळात निम्म्याहून अधिक विधेयके समित्यांकडे गेली होती. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेत पाचातले एकसुद्धा गेले नाही. ज्याचा मंत्र्याशी परिचय नाही, त्याचेच यात अधिक नुकसान आहे.

म्हणून प्रत्येक विहारात, मंडळात एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे काम अंगावर घ्यावे. अधिवेशनात कोणती विधेयके येणार ते पाहावे, समितीची जाहिरात आली तर हिंदी किंवा इंग्रजीत निवेदन तयार करावे, त्यावर वस्तीच्या सह्या घ्याव्यात. विधेयक समितीकडे जाणार नसेल तर खासदाराला पत्र लिहून “ते समितीकडे पाठवा अशी मागणी आपण केली काय?” असे विचारावे. पत्राची पोच जपून ठेवावी. निवडणुकीत तोच खासदार वस्तीत हात जोडून येईल, तेव्हा ती पोच त्याच्यासमोर धरावी.