विहारयात्रा की धम्मयात्रा?



आंबेडकरी माणूस परदेशात सहलीला निघाला की दोन बाजूंनी टोमणे येतात. बाहेरचे म्हणतात, यांना परवडते कसे? आपलेच काहीजण म्हणतात, हा पैसा चळवळीला द्यायचा होता. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. ज्यांच्या आजोबांना गावच्या रस्त्याने ताठ मानेने चालता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी सीमा ओलांडून जग पाहिले तर बिघडले कुठे? प्रश्न जावे की जाऊ नये हा नाहीच. जाऊन काय पाहायचे आणि कुणाला भेटायचे, हा खरा प्रश्न आहे.

मनोर परिसरातून आम्ही काहीजण मिळून नेपाळला जाऊन आलो. कुणी तारापूर एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी निवृत्त शिक्षक. वर्षभर दरमहा हप्ता भरून जमवलेले पैसे. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सीमा ओलांडली, घड्याळे 15 मिनिटे पुढे केली आणि परदेशात पाऊल पडले.

लुंबिनीत अशोकस्तंभापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. 1896 साली हा स्तंभलेख उजेडात आला आणि बुद्धाचे जन्मस्थान नक्की झाले. राज्याभिषेकाला 20 वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला, असे लेख सांगतो. बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ केला आणि धान्यातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे सम्राट आला, तो गावकऱ्यांच्या पदरात काही टाकून गेला. नुसता नमस्कार करून गेला नाही.

आमच्या गाईडला मात्र हे सांगावेसे वाटले नाही. त्याने सुरुवातच केली, "भगवान बुद्ध, विष्णूचे नववे अवतार." आमच्यातल्या एका आजींनी त्याला तिथेच थांबवले. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पाचवी. ती आजींना तोंडपाठ होती. गाईड गप्प झाला. पण रोज किती बसगाड्या येतात आणि किती बसमध्ये अशा आजी असतात?

काठमांडूतही तेच. छापील कार्यक्रमात पशुपतिनाथाला अर्धा दिवस, खरेदीला अर्धा दिवस. पण याच शहरात 20 नोव्हेंबर 1956 रोजी जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर अवघ्या 16 दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. कार्यक्रमात त्याचा उल्लेखही नव्हता. शेवटी आम्हीच खरेदीची वेळ कमी करून एका सभागृहात बसलो आणि त्या भाषणाचे मराठी भाषांतर आळीपाळीने वाचले.

पण सहलीतला सर्वात मोठा तास कोणत्याच कागदावर नव्हता. लुंबिनीतल्या मुक्कामी साफसफाई करणाऱ्या एका तरुणाने आमच्या छातीवरचा बिल्ला पाहून विचारले, हे कोण? रात्री काम संपल्यावर तो आमच्यात येऊन बसला. त्याच्या गावात अजूनही त्याच्या हातचे पाणी काहीजण घेत नाहीत, असे त्याने सांगितले. आमच्या अंगणवाडीताईंनी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत 20 मार्च 1927 चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगितला. तो मध्येच म्हणाला, "पाण्यासाठी? आमच्यासारखेच?"

होय, आमच्यासारखेच. नेपाळमध्ये 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्यानेच माणसांची उतरंड लिहून काढली होती. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि कुणाचे नाही, हेही त्यात होते. 1963 साली कायद्यातून ती भेदरचना गेली, 2011 मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. तरीही 2020 मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा दलित तरुण मित्रांसह तिच्या गावी गेला, जमावाने हल्ला केला आणि सहा तरुणांचा जीव गेला. बुद्धाच्या जन्मभूमीत जाऊन हे न पाहता परत येणे म्हणजे अर्धाच देश पाहणे.

आता आपल्या दाराशी या. आपल्याच पालघर जिल्ह्यात नालासोपारा आहे. तिथल्या ज्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, ते 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले आणि बौद्ध स्तूप समोर आला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो लेख कशाबद्दल आहे? सहलीबद्दल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि मौज करत. येथे विहार म्हणजे बुद्धविहार नव्हे, मौजेची भटकंती. अशोक मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात काय होते? श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट आणि धम्माची चर्चा.

साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या दगडावर हा फरक कोरला गेला. म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे. फोटो काढा, खरेदी करा, हसाखेळा. कष्टकऱ्याला मौजेचा पूर्ण हक्क आहे. पण गट जमवणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी कार्यक्रम स्वतः ठरवावा. निघण्यापूर्वी एक रविवार सोपाऱ्याला जावे. गाईड काय सांगणार, हे आधी विचारावे. आणि प्रत्येक सहलीत किमान अर्धा दिवस तिथल्या दलित वस्तीसाठी, तिथल्या कार्यकर्त्यांसाठी राखून ठेवावा.

तो तरुण आता आमच्या मोबाईलच्या गटात आहे. बाबासाहेबांचे नेपाळी भाषेतले पुस्तक मिळेल का, असे त्याने विचारले आहे. पुढचा गट निघेल, तेव्हा त्यांच्या सामानात ते पुस्तक असलेच पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!