उतारशाळेचा खर्च

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सगळा उताराचा आहे. पंचवीस-तीस किलोमीटरांत तो जवळजवळ हजार मीटर खाली येतो आणि उघड्याबोडक्या डोंगरांतून वळणं घेत समुद्रसपाटीच्याही खाली जाऊन टेकतो. येशूने आपल्या गोष्टीतला वाटसरू याच रस्त्यावर लुटारूंच्या तावडीत सापडलेला दाखवला. ऐकणाऱ्यांना तो रस्ता ठाऊक होता. तिथे एकट्यादुकट्याचं काय होतं हे फोडून सांगायची गरज नव्हती. अर्धमेला माणूस कडेला पडलेला. याजक येतो, बघतो, पलीकडच्या बाजूने निघून जातो. मंदिराच्या सेवेतला लेवी येतो, तोही तसाच जातो. मग येतो तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी कसलाच व्यवहार ठेवत नसत. तो थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये संडे स्कूलची मुलं या गोष्टीचं नाटक बसवायची. शोमरोनी व्हायला सगळे टपलेले. लुटारूंच्या कामालाही मागणी भरपूर, कारण त्यात मारामारी करायला मिळायची. उतारशाळेच्या मालकाचं काम मात्र उरलेल्या मुलाच्या गळ्यात पडायचं. त्याला एकही वाक्य नसे. हातात दोन नाणी घ्यायची आणि मान डोलवायची, संपलं काम.

आता या वयात ती गोष्ट वाचताना माझी नजर त्याच माणसावर जाते. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला. जाताना दोन दीनार देऊन गेला, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर काही लागलं तर परत येईन तेव्हा भरीन असं सांगून गेला. त्यानंतर त्या जखमा कोणी धुतल्या? रात्री ताप चढल्यावर उशाशी कोण बसलं? रक्त पाहून जो कळवळा येतो तो खराच असतो. पण चौथ्या दिवशी जखमेला वास येऊ लागतो, आजारी माणूस चिडचिडा होतो, आणि घरच्या कामांचा ढीग साचलेला असतो. गोष्टीत पैशांचा, मुक्कामाचा आणि परत येण्याचा तपशील येशूने उगीच ठेवलेला नाही, असं मला मनापासून वाटतं. प्रीती कळवळ्यापाशीच थांबती तर गोष्टही त्या रस्त्यावरच संपली असती.

देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती या दोन आज्ञा येशूने शेजारी शेजारी आणून ठेवल्या. मुळात त्या जुन्या करारातल्या, दोन वेगळ्या ठिकाणच्या. पहिली अनुवादाच्या पुस्तकातली, दुसरी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. लेवीयाचं पुस्तक आम्ही फारसं उघडत नाही. यज्ञांचे आणि विटाळांचे नियम म्हणून पुढे जातो. तो अध्याय सलग वाचला तेव्हा मी चकित झाले. शेत कापताना कडा आणि कोपरे सोडून द्यायचे, खाली पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे अडकवून ठेवायची नाही. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकायचा नाही. मापं आणि वजनं खरी ठेवायची. शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा येते ती या सगळ्याच्या मधोमध, बांध, मजुरी आणि तराजू यांच्या संगतीत. पुढे त्याच अध्यायात, आपल्या देशात येऊन राहिलेल्या परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितलं आहे. वेदीपासून हे सगळं फार दूर आहे असं आपल्याला वाटतं. ज्याने ती आज्ञा दिली त्याला तसं वाटलेलं दिसत नाही.

आपल्या भाषेत जगलेल्या माणसांपैकी हे पुरतं ओळखलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांचे आईवडील मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात उपासमारीने गेले, पाठोपाठ बहीणही गेली. उरलेल्या भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना आणि बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. त्याआधी रमाबाईंनी ती जमीन घेतली होती आणि तिथे फळबाग लावली होती, विधवांसाठी काढलेलं आपलं शारदा सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. तिथे तात्पुरती छपरं उभी राहिली आणि मुक्ती सदनाची सुरुवात झाली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांच्या रोजच्या जेवणाचा हिशेब मनात मांडून पाहावा. किती पोती धान्य, किती जाती, किती घागरी पाणी. खरूज, उवा, सुजलेल्या हिरड्या. पोटभर जेवण सवयीचं नसलेली मुलगी ताटातलं अन्न लपवून ठेवते. तिला रागवायचं नसतं, उद्याही मिळेल हे तिला रोज दाखवून द्यायचं असतं. रमाबाईंनी विहिरी खणवल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायची सोय केली. समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन उभारलं. आणि हे सगळं चालू असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, जे मुक्तीतल्या मुलींनी स्वतः खिळे जुळवून छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी ते काम हातावेगळं झालं होतं. एका बाजूला प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला कोठीघर अशी त्यांच्या आयुष्याची वाटणी करायला गेलं तर जमत नाही. पहाटे देवाशी बोलणारी बाई आणि धान्याची पोती मोजणारी बाई एकच होती.

इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणावर नेल्या जातात असा गदारोळ पुण्यात झाला आणि रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. तो संशय अजूनही आमची पाठ सोडत नाही. मी त्यावर चिडत नाही. सेवेच्या बदल्यात कोणाची श्रद्धा मागितली तर ती प्रीती राहत नाही, सौदा होतो; असा सौदा जिथे कुठे झाला असेल तिथे तो चूकच होता. शोमरोन्याने त्या जखमी माणसाला काहीही विचारलं नव्हतं. आणि येशूने प्रीतीचा आदर्श म्हणून परक्या पंथाचा माणूस निवडला, याकडे आम्ही ख्रिस्ती लोकांनी आणखी लक्ष द्यायला हवं. मदत करणारे आपण आणि मदत घेणारे ते, असं त्या गोष्टीत कुठेच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांना हे घरातच उमजलं. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी तो अट्टहास सोसला, जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच विचार करून तो भेद सोडला आणि मग त्यांच्या घरात किती पोरकी मुलं वाढली! दोन चुलींच्या त्या दिवसांत टिळकांनी जो धीर धरला तोही मला शेजारधर्मच वाटतो. सगळ्यात जवळचा शेजारी आपल्याच घरात जेवत असतो.

आमच्या गल्लीत एक आक्का होत्या. विधवा, मूलबाळ नाही, तोंडाने फटकळ. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची एक बाजू गेली. पहिल्या आठवड्यात गल्लीतलं प्रत्येक घर डबा घेऊन हजर होतं; इतकं अन्न आलं की वाया गेलं. दुसऱ्या आठवड्यात डबे कमी झाले. तेव्हा माझी आई कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेन घेऊन बसली. सोमवार समोरच्या घरातल्या खालाचा, मंगळवार तिचा स्वतःचा, बुधवार मास्तरीणबाईंचा, असं आठवडाभर. अंथरुणात पडलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, एकीने हूं म्हणायचं, दोघींनी एकदम ओढायचं. मग पाठ कोरडी करायची, कमरेखाली जुन्या लुगड्याची घडी सरकवायची. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की खाला आईला बोलावून दाखवायची आणि त्या दिवशी दोन तासांऐवजी तासाने कूस बदलायचं ठरायचं. पेज भरवताना आक्का चांगल्या हाताने चमचा उडवून द्यायच्या. भिंतीवर पेजेचे डाग पडले होते.

आई घरी येऊन चरफडायची. एकदा मी म्हटलं, "मग जातेस कशाला? खालाला सांग ना." ती पाटावर बसून पाय चोळत होती. "ती काय मला आवडती म्हणून जाते होय गं मी? पहाटं त्याच्यापुढं गुडघे टेकते, तेव्हा जायचं बळ येतं. माझ्या एकटीच्या जिवावर असतं तर कवाच सोडलं असतं."

दोन आज्ञांची सांगड मला तिथे कळली. माणसाच्या गुणांवर आपली प्रीती उभी असती तर आक्कांच्या बाबतीत ती तिसऱ्या आठवड्यात आटली असती. आईची प्रीती जिथून भरली जात होती तो साठा आक्कांच्या वागण्याने कमी-जास्त होत नव्हता. आणि खालाचं काय? तीही पहाटे उठून नमाज पढून येत असे. तिला बळ कुठून मिळतं याची चौकशी आईने कधी केली नाही. सोमवार चुकला नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

हीच गोष्ट मोठ्या मापाने पाहायची असेल तर जामखेड. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे हे ख्रिस्ती जोडपं वेल्लोरला शिकलेलं, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेलं. १९७० मध्ये ते दुष्काळी जामखेडला येऊन राहिले. चांगलं रुग्णालय काढून थांबता आलं असतं. पण त्यांच्या लक्षात आलं की मुलं मरतात ती अतिसाराने, कुपोषणाने, बायका मरतात बाळंतपणात, आणि यातलं बरंचसं गावातच टाळता येतं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. ज्या बाईला कालपर्यंत उंबऱ्याच्या आत घेत नव्हते तिच्या हाती आता सवर्ण घरातल्या बाळंतिणीचा जीव होता. दुष्काळात विंधनविहिरी घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिकडे यावंच लागे. कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता इतर रुग्णांबरोबर ठेवलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा तो हातपंप मोठा वाटतो. तो कुठे बसवायचा हे ठरवताना ज्याने देवाचा विचार केला, त्याची उपासना रविवारच्या दोन तासांत मावणारी नव्हे.

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळीत गोरगरिबांना जेवण देण्याचा विषय निघतो. याच दिवसांत गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, बाहेर बैल, चुलीचा धूर. नवरा-बायको पहाटे चारला फडात जातात. थंडीत मागे राहतात लहान पोरं, आणि त्यांना सांभाळायला त्यांच्याहून थोडी मोठी पोरगी, जिची शाळा दिवाळीनंतर सुटलेली असते. एका दिवसाची बिर्याणी त्यांना आवडतेच. त्यात वाईट काही नाही. पण लेवीयाचा तो अध्याय वाचल्यावर मला त्या जेवणाचे फोटो बघवत नाहीत. कापणीला आलेल्या परक्या माणसांबद्दल तिथे इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि आमच्या वेशीवर कापणी चालू आहे.

यंदा बैठकीत हा विषय मी मांडला. चर्चचा हॉल रविवार सोडून रिकामाच असतो. सकाळी सात ते दुपारी दोन लहान मुलांना तिथे सांभाळलं, तर मोठ्या मुलींना समोरच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येईल. हेडमास्तर तयार झाले. मुकादम आधी कां-कूं करत होता, मग म्हणाला, "टोळी मार्चअखेर हलंल बघा. तवर ठेवा, पण मधीच सोडू नका, पोरांना सवय लागती." पाळकांनी सगळ्यांना विचारलं, मार्चपर्यंत जमेल का? नाताळच्या सजावटीचे पैसे दूध आणि सतरंज्यांना द्यायला कोणाची हरकत निघाली नाही. वेळ द्यायचं म्हटल्यावर हॉल शांत झाला. शेवटी तिघींनी नावं दिली, मग एका निवृत्त पोस्टमनने. आठवड्याचे सहा दिवस, रोज निदान दोघं लागणार, म्हणजे आणखी माणसं हवीत. येत्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा विचारणार आहोत, आणि गल्लीतल्या ज्या बिगर-ख्रिस्ती बायकांना यायचं असेल त्यांनाही निरोप गेला आहे. खालाच्या सुनेने गुरुवार मागितला आहे.