हलक्या हाताचा आवाज

नवा ड्रम सॅम्पलर येतोय अशी कुणकुण लागली की आम्हा ऱ्हिदमवाल्यांच्या गप्पा महिनाभर त्याच्याभोवतीच फिरतात. पॅड किती, मेमरी किती, एका गाण्याचे आवाज काढून दुसऱ्याचे चढवायला किती वेळ लागतो, जुना विकला तर काय येईल. गेली कित्येक वर्षं मी मराठी ऑर्केस्ट्रात आणि लावणीच्या कार्यक्रमांत पॅड वाजवतो आहे, त्यामुळे हे सगळे प्रश्न माझेही आहेत. पण सगळ्यात आधी मला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की काडी नुसती टेकवली तर ते पॅड बोलतं का, आणि बोललं तर कोणत्या आवाजात बोलतं.

आपल्याकडे पॅडवाल्या कुठल्याही यंत्राला ऑक्टापॅडच म्हणतात. रोलँडचा मूळ ऑक्टापॅड 1985 सालचा. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅडवर बसलेला आघात तो मिडीच्या तारेने दुसऱ्या यंत्राकडे धाडायचा आणि आवाज तिथून यायचा. पुढे रोलँडचाच एसपीडी-20 आला, त्यात सातशे तयार आवाज होते. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांची एक अख्खी पिढी या यंत्रावर वाढली. मात्र ते आवाज कारखान्यातून भरून आलेले. आपल्या ढोलकीवाल्याची शाई, आपल्या हलगीचा तापलेला कडकडाट यंत्रात भरायची सोय सॅम्पलरने दिली. पॅडवरच्या सॅम्पलरबद्दल एवढी आस आहे ती म्हणूनच.

ढोलकी सॅम्पल करणं म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगतो. खोलीतला पंखा बंद करायचा, भिंतींना गोधड्या लावायच्या, माइक शाईपासून वीतभर लांब धरायचा आणि ढोलकीवाल्याला म्हणायचं, एकेक बोल सुटा वाजवा. तो वाजवतो. बोल स्वच्छ येतो आणि तरीही कानाला मेलेला वाटतो. कारण ढोलकीवाला सुटा बोल कधी वाजवतच नाही. त्याचं बोट आधीच्या बोलावरून आलेलं असतं आणि पुढच्या बोलाकडे निघालेलं असतं, त्या येण्याजाण्यातच त्याचं वजन असतं. म्हणून मी त्याला ठेकाच वाजवायला सांगतो. आधी रमत, मग चढत, शेवटी लग्गी. मग त्या लांबलचक रेकॉर्डिंगमधून कात्री लावून बोल वेगळे काढतो. यात दुसरी अडचण येते. तासाभरात शाईचा सूर हलतो, पहिला बोल आणि शेवटचा बोल एकमेकांशी जुळत नाहीत. मग पुन्हा चढवणी, पुन्हा ठेका.

एवढं करूनही खरी परीक्षा पुढेच असते. मिडीच्या भाषेत आघाताच्या जोराला 1 ते 127 असे आकडे आहेत. पॅडमागे एकच रेकॉर्डिंग ठेवलं, तर हे सगळे आकडे फक्त आवाज लहानमोठा करतात. पण हलकी थाप ही जोरदार थापेची बारकी आवृत्ती नसते. हलक्या बोटाने शाईवर जो बोल निघतो त्यात गुंजन जास्त आणि टणकारा कमी असतो. जोराने मारलं की कडेचा चाटेचा आवाज पुढे येतो. हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यामुळे रेकॉर्डिंगही वेगळी हवीत. एका बोलाची निदान चार-पाच, हलक्यापासून भारीपर्यंत, आणि प्रत्येक पातळीवर दोन-तीन, म्हणजे लग्गीत तोच आवाज हुबेहूब परत परत येऊन मशीनगन चालल्यासारखं वाटणार नाही. नव्या यंत्राकडून माझी मोठी अपेक्षा ही आहे. ते किती गिगाबाइट गिळतं यापेक्षा एका पॅडमागे किती थर ठेवू देतं आणि माझ्या हाताच्या जोरावरून त्यातला नेमका कोणता उचलतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. उघडा बोल घुमत असताना त्यावर दाबलेला बोल आला की आधीचा तिथेच थांबला पाहिजे, हेही.

ढोलकीच्या डाव्या बाजूच्या धुमेचं काय करायचं याचं पूर्ण उत्तर मला अजून कुठल्याच यंत्रात मिळालेलं नाही. मनगटाच्या दाबाने सूर खालून वर ओढत नेणं, हाच तर लावणीच्या ठेक्याचा जीव. सॅम्पलमध्ये तो ओढा एकदाच, एकाच लांबीचा कैद होतो. लहान ओढा, लांब ओढा, अर्ध्यात सोडलेला ओढा असे वेगवेगळे आवाज भरून मी वेळ भागवतो. काही जण पायाखालच्या पेडलला सूर वरखाली करायचं काम लावतात. कानाला बरं लागतं, पण पायाला मनगटाची अक्कल यायला वर्षं लागतात.

मेमरी वाढली की बोटं सुधारतात असं मी मानत नाही. याबाबतीत जुन्या यंत्रांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवणारं रॉजर लिन यांचं एलएम-1 हे यंत्र 1980 साली आलं, तेव्हा चिप इतक्या महाग होत्या की क्रॅश सिंबलची लांब शेपूट त्यात परवडली नाही. तो आवाज गाळूनच टाकला. 1987 च्या ई-म्यू एसपी-1200 मध्ये सगळं मिळून दहा सेकंदांच्या आसपास आवाज मावायचा, तोही 12 बिटचा. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांनी 33 च्या तबकड्या 45 च्या वेगाने वाजवून रेकॉर्ड केल्या, जागा वाचवली आणि मग यंत्रात सूर खाली आणला. त्यातून जो खरखरीत, जाडसर पोत आला, त्यावर आजही लोक जीव टाकतात. दहा सेकंदांत काय ठेवायचं हे ठरवताना त्यांचे कान घासले गेले. 2022 साली आलेल्या रोलँडच्या एसपीडी-एसएक्स प्रो सॅम्पलरमध्ये 32 गिगाबाइट जागा आहे. एवढ्या जागेत ढोलकीचे शंभर थर बसतात. तशीच अख्खी गाणीही बसतात.

माझी खरी धास्ती इथे आहे. जागा आहे म्हणून तयार लूप भरायचे, कोरस भरायचा, हलगी-संबळ-तुणतुणं एकत्र भरायचं, आणि रंगमंचावर पॅड दाबून मोकळं व्हायचं. गायिका रंगात येऊन एखादी ओळ परत घेते, तेव्हा लूप पुढे निघून जातो. हाताने वाजवणारा तिच्याबरोबर थांबतो. लावणीत अदा करणारी नर्तकी समेवर येताना डोळ्याने इशारा देते, तो बघायला वादकाची मान वर हवी, स्क्रीनमध्ये नको. आयोजकाला मात्र हिशेब सोपा दिसतो: ढोलकीवाला, हलगीवाला, संबळवाला यांच्या सुपाऱ्या वाचल्या. ज्याच्या बोटांचे आवाज माझ्या यंत्रात आहेत त्याची खुर्ची माझ्याच यंत्रामुळे जावी, हे मला मान्य नाही. म्हणून जिथे ढोलकीवाला आहे तिथे मी ढोलकीचा किट उघडत नाही. त्याच्याजवळ नसलेले आवाज देतो.

साध्या गोष्टींचीही चिंता आहे, आणि त्या जाहिरातीत कधी येत नाहीत. जत्रेतल्या जनरेटरवर व्होल्टेज खाली गेलं की माझं आधीचं यंत्र बंद पडून परत सुरू व्हायचं, आणि तोवर गाणं अंतऱ्यावर पोचलेलं असायचं. एका पॅडवर मारलं की शेजारचं पॅड आपोआप वाजायचं. आघात आणि आवाज यांतला उशीरही मोजून बघावा लागतो. मॉनिटर दोन मीटर लांब असेल तर हवेतच सहा मिलिसेकंद जातात, त्यात यंत्राने आपली भर घातली की चढत्या लयीत हात जड वाटायला लागतो.

तरीही नवा सॅम्पलर दुकानात आला की मी जाणार आहे. जाताना काय करणार ते सांगतो, आणि माझ्या वादक मित्रांनीही तसंच करावं अशी विनंती आहे. दुकानदाराने भरलेले आवाज ऐकू नका. स्वतःचे सॅम्पल पेन ड्राइव्हवर न्या, चढवा, हेडफोन लावा आणि पाव तास फक्त हलक्या हाताने वाजवा. बोल जिवंत वाटला तर पुढचं बघा, नाहीतर परत या. आणि ज्या ढोलकीवाल्याच्या हाताचे बोल त्यात भरणार आहात, त्याला रेकॉर्डिंगच्या दिवशी पूर्ण सुपारीइतके पैसे द्या, आणि कार्यक्रमात वादकांची ओळख करून देतात तेव्हा त्याचं नाव घ्यायला लावा.