तिसऱ्या पिढीचा ब्रेक

नवी गाडी दारात उभी राहिली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती पळते?" दुसरा, "अ‍ॅव्हरेज काय देते?" ती थांबते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. माझी मात्र सगळी हयात या तिसऱ्या प्रश्नावरच गेली. १९७५ साली देगलूरहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी हैदराबादेत उतरलो आणि सरकारी बससेवेच्या एका डेपोत अप्रेंटिस म्हणून लागलो, तो २०१३ साली तिथूनच निवृत्त झालो.

देगलूर महाराष्ट्रात, पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी 'शहरात जाऊन येतो' म्हटलं की ते हैदराबादलाच निघालेत हे न सांगता कळायचं. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कन्नड, वडिलांच्या कागदपत्रांत उर्दू. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, तिच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकलेल्या. त्यामुळे त्याच परंपरेतल्या डेपोत पाऊल टाकताना परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं नाही. ड्रायव्हर तेलुगू, उस्ताद दखनी बोलणारे आणि आम्ही दोन-चार मराठवाड्याकडची पोरं.

डेपोत जमिनीत खणलेला लांबट खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. बस वर, आपण खाली. तिथे उभं राहून आमचे उस्ताद हातोडीने एकेका नटावर हलका ठोका मारत. घट्ट नट खणकन बोलतो, सैल नट बद्द वाजतो. "पहले सुनो मियाँ, पाना बाद में उठाओ," हा त्यांचा पहिला धडा. वर्षाकाठी गाडी पासिंगला न्यायची म्हणजे मोठा उद्योग. ब्रेकचे लायनर बदला, हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा, पाटे तपासा, ग्रीस भरा. शिवाय आमचाही हंगाम असे. संक्रांत, उन्हाळी लग्नसराई आणि दोन वर्षांतून एकदा माघात भरणारी मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जातरा. जातरेसाठी राज्यभरातून हजारो गाड्या लागत. त्याआधीचे पंधरा दिवस आम्हाला रात्र कुठली नि दिवस कुठला.

अशाच एका जातरेच्या आदल्या रात्री उस्तादांना एका बसच्या मेन पाट्याला केसाएवढी चीर दिसली. गाडी बाहेर काढायची वेळ झालेली, बायाबापड्या बोचकी घेऊन रांगेत उभ्या. उस्तादांनी चावी खिशात घातली आणि म्हणाले, "ये गाड़ी नहीं जाएगी." लोक कुरकुरले, दोन-चार शिव्याही बसल्या. दुसरी गाडी यायला तीन तास लागले. उस्ताद तेवढा वेळ बिडी ओढत बसून होते. ती चीर पुढे वाढलीच असती का, कुणास ठाऊक. पण तयारी म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ११ फेब्रुवारी २०२३ चा दिवस. हुसेनसागरच्या काठी, लुंबिनी पार्क, सचिवालय, नेकलेस रोड या नेहमीच्या रस्त्यांवर कुंपणं घालून फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवर पळणाऱ्या गाड्यांची जागतिक शर्यत झाली. ग्रेटर नोएडाला २०१३ साली फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत झाली होती. त्यानंतर मोटारींची जागतिक दर्जाची शर्यत भारतात पहिल्यांदाच येत होती. माझ्या पुतण्याचा मुलगा तेव्हा हैदराबादेत विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीचा कोर्स करत होता. त्यानेच दोन तिकिटं काढली. "चला आजोबा, तिसरी पिढी बघू," म्हणाला. मला वाटलं, हा स्वतःबद्दलच बोलतोय!

पण पिढी गाड्यांची होती. ही मालिका २०१४ साली बीजिंगला सुरू झाली तेव्हा बॅटरी शर्यतभर पुरत नसे; ड्रायव्हर मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा. २०१८ च्या डिसेंबरात दुसऱ्या पिढीची गाडी आली, तिची बॅटरी शेवटपर्यंत टिकू लागली. २०२३ च्या हंगामासाठी तिसरी पिढी आली. ती वजनाने आधीपेक्षा हलकी आणि ताकदीला जास्त. दुसरीची २५० किलोवॉट, हिची ३५०. सांगाडा, बॅटरी, टायर सगळ्यांना सारखे. मागची मोटार, तिची वीज खेळवणारी यंत्रणा, मागचं सस्पेन्शन आणि संगणकाचा प्रोग्राम मात्र ज्याचा त्याने सजवायचा. ११ संघ, २२ गाड्या. २०२२ च्या डिसेंबरात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या ट्रॅकवर सगळे संघ आपापल्या कोऱ्या गाड्या घेऊन सरावाला जमले आणि लगेच १४ जानेवारीला मेक्सिकोत पहिली शर्यत. हैदराबादची चौथी. म्हणजे गाडी नवी, ट्रॅक नवा, हाताशी जुना अनुभव काही नाही.

स्टँडमध्ये बसल्या बसल्या पोरगा मला समजावत होता. मी माझा प्रश्न विचारला, "थांबते कशी रे ही?"

"आजोबा, मागच्या चाकांना ब्रेकच नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो हसून म्हणाला, "सायकलचा डायनॅमो आठवतो का? चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं. तसंच. वेग कमी करायचा तेव्हा मोटारच डायनॅमो होते. गाडी जड होऊन हळू होते आणि वीज परत बॅटरीत जाते."

पुढच्या चाकांना डिस्क आहेत, शिवाय तिथेही एक मोटार आहे. पण त्या गाडीत पुढची मोटार गाडी ओढत नसे, फक्त थांबवायला मदत करी. दोन्ही मिळून ६०० किलोवॉटपर्यंत वीज परत घेता येते आणि शर्यतीत लागणाऱ्या विजेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास अशी थांबता थांबताच मिळते, असं संयोजकांचं सांगणं. डोकं भन्नाट म्हणायचं! आम्ही अडतीस वर्षं लायनर घासून घासून ती शक्ती धुरासारखी वाऱ्यावर सोडली.

शर्यत रंगली. शिट्टीसारखा आवाज करत गाड्या समोरून जात. पुढे असलेल्या जॅग्वार संघाच्या दोन्ही गाड्या एका वळणावर एकमेकींत अडकल्या आणि बाद झाल्या. फ्रान्सच्या ज्याँ-एरिक व्हर्नने मागून रेटणाऱ्या निक कॅसिडीला शेवटपर्यंत रोखून धरत शर्यत जिंकली. आपल्या महिंद्राच्या दोन गाड्यांपैकी ऑलिव्हर रोलंडची सहावी आली तेव्हा आमच्या स्टँडमध्ये जिंकल्यासारख्या आरोळ्या उठल्या. मीही ओरडलो, खोटं कशाला सांगू?

पण माझ्या मनात मागच्या चाकांचंच घोळत होतं. विजेची यंत्रणा मध्येच बंद पडली तर? तो डायनॅमोही बंद पडणार आणि मागची चाकं मोकळी सुटणार. पोरगा म्हणाला की ही धास्ती संघांनाही आधीपासून होती आणि त्याच हंगामात मागच्या चाकांसाठी आणीबाणीचा जादा ब्रेक बसवण्यात आला. मला बरं वाटलं. तिसऱ्या पिढीलाही शेवटी जुन्या ब्रेकला हाक मारावी लागली म्हणून नव्हे. कुणीतरी पिटात उभं राहून 'ही बंद पडली तर काय' हे विचारत होतं, म्हणून.

दोन आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला, केपटाऊनला पुढची शर्यत होती. तिथे मागच्या सस्पेन्शनबद्दल शंका आली म्हणून महिंद्राने आपल्या दोन्ही गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या. त्यांचीच यंत्रणा वापरणाऱ्या जर्मन आब्ट संघाच्या दोन गाड्याही काढल्या गेल्या. विमानाने नेलेल्या, महिनोन् महिने खपून तयार केलेल्या चार गाड्या प्रेक्षकांसमोर जागच्या जागी राहिल्या. पेपरात ही बातमी नामुष्की म्हणून वाचणारे पुष्कळ असतील. मी मात्र ती कापून वहीत चिकटवली. मला त्यात खिशात चावी घातलेले उस्ताद दिसले.

आता घरातली गोष्ट सांगतो. देगलूरला आमचं पंप-नोझलचं दुकान आहे. डिझेल पंप खोलायचा, नोझलचा फवारा टेस्ट बेंचवर तपासायचा, कॅलिब्रेशन करून द्यायचं. माझ्या धाकट्या भावाने ते काढलं, पुतण्याने वाढवलं. पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगावा तर त्यानेच. पुढे कॉमन रेलच्या गाड्या आल्या तेव्हा स्कॅनर घ्यावा लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं तेव्हा आणखी खर्च. पुतण्याने दम धरला. मग त्याच्या मनात आलं की कर्ज काढून मोठी नवी टेस्ट बेंच घ्यावी. मुलाचं म्हणणं उलट. "बाबा, त्या पैशात विजेच्या रिक्षांचं काम सुरू करू." दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. जागेच्या कागदावर माझंही नाव. माझ्या सहीशिवाय बँक हलणार नाही. पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्हीच सांगा. पोराच्या हाताला ग्रीस लागलेलं मी बघितलं नाही. त्याच्या भरवशावर दुकान टाकू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मराठवाड्यात, सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांत असे प्रश्न दर पिढीला येतात. आजोबांची उर्दू वडिलांच्या कामी आली नाही, वडिलांचं मोडी आमच्या. जे हातात आहे ते सोडायचं कधी, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शिवाय नव्याचा भरवसा तरी काय? १० फेब्रुवारी २०२४ ला हैदराबादेत दुसरी शर्यत ठरली होती. राज्यातलं सरकार बदललं, जानेवारीत ती रद्द झाली आणि पैशांच्या व्यवहारावरून वर्षअखेर गुन्हाही नोंदला गेला. पुतण्याने तेवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं. "तुमची ती शर्यत गेली ना काका वाहून?"

मी उत्तर दिलं नाही. २०२४ च्या दिवाळीला देगलूरला गेलो आणि चार दिवस दुकानात नुसता बसून राहिलो. मुलाने शेडच्या कोपऱ्यात ओळखीच्यांच्या दोन-तीन रिक्षा दुरुस्तीला घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक रिक्षावाला आला. चार्जिंगचा सॉकेट बदलून झाला होता. त्याला सकाळी शाळेची पोरं न्यायची होती. पोरगा म्हणाला, "सॉकेट झालाय, पण गाडी उद्या दुपारी मिळेल."

रिक्षावाला तापला. ब्रेकची तक्रार आपण केलीच नव्हती, गाडी छान थांबते, असं त्याचं म्हणणं. पोराने त्याला शांतपणे सांगितलं, "भाऊ, गाडी थांबते ती मोटार ओढते म्हणून. सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असते, तेव्हा परतीची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते आणि मोटार तेवढी ओढत नाही. त्या वेळी उतारावर नुसते ड्रम कामाला येतात. तुमच्या मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर जाम आहे. ब्रेक फारसा लागत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही." आणि त्याने चावी खिशात घातली.

पुतण्या बेंचवर नोझल तपासत होता. त्याने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवलं. मोठ्या बेंचचं कर्ज काढायचं नाही. जुनी बेंच राहील, कारण आमच्या भागातले ट्रॅक्टर नि ट्रक काही उद्या विजेवर जाणार नाहीत. अर्धी शेड पोराला. त्याच्या अवजारांसाठी लागणाऱ्या रकमेच्या कागदावर मी तिथेच सही केली. पुतण्या म्हणाला, "काका, कान नाही हो त्याला, पंपाचा आवाज ओळखत नाही." मी म्हटलं, "त्याच्या गाड्या आवाजच करत नाहीत. तो दुसऱ्या कशाने तरी ऐकतो." पुतण्या गप्प बसला. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

हुसेनसागरच्या त्या रस्त्यावर शर्यतीच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. देगलूरला गेल्या खेपेला गेलो तेव्हा बेंचवर बाप होता आणि शेजारी लॅपटॉप उघडून मुलगा. दोघांत जोरात वाद चालला होता. एका ओळखीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पंपाच्या कामाला आला होता. काम झालं होतं, पण मागे जोडलेल्या उसाच्या ट्रॉलीला ब्रेक नावाची वस्तूच नव्हती. ती तशीच रस्त्यावर सोडायची की नाही, हा मुद्दा. बाप म्हणत होता, "अजिबात नाही." मुलगाही तेच म्हणत होता. भांडण होतं ते शेतकऱ्याला हे सांगायला बाहेर कुणी जायचं, याचं.

मी चहा मागवला आणि मध्ये पडलो नाही.