मगनवाडीतला चरखा

पोरांना काही दाखवायला न्यायचे म्हटले, की आम्ही धामणगावची माणसे सरळ नागपूर गाठतो. महाराजबाग आणि अजब बंगला, झाले पाहणे. अजब बंगला म्हणजे १८६३ साली सुरू झालेले तिथले संग्रहालय. जुनी नाणी, कोरीव दगड यांपुढे पोरे थांबत नाहीत. त्यांना पेंढा भरलेली जनावरे पाहायची असतात. मधल्या वर्ध्याला मात्र पाहायला म्हणून कोणी उतरत नाही. मीही उतरले नव्हते.

वीसेक वर्षांपूर्वी उतरले, ते माझ्या सासूबाईंमुळे. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. डिसेंबरचे दिवस होते, कापसाची दुसरी वेचणी आटोपली होती. आत्याबाईंचे डोळे दाखवायला आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो होतो. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना जवळचे सगळे धूसर दिसत होते. परतीच्या पॅसेंजरला तीन तास अवकाश. फलाटावर बसून राहण्यापेक्षा मगनवाडीत बसा, झाडाखाली सावली आहे, असे ऑटोवाला म्हणाला आणि त्याने आम्हाला तिथे सोडले.

मगनवाडी हा मूळचा जमनालाल बजाजांचा बगीचा. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्यासाठी त्यांनी तो देऊन टाकला. पुढे सेवाग्रामला जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम इथेच होता. त्यांचे पुतणे मगनलाल यांनी खादीच्या कामात जन्म घालवला. ते १९२८ साली वारले, त्यांचे नाव या वाडीला दिले. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. त्यात राजांच्या तलवारी नव्हत्या. होते ते चरखे, अवजारे, खेड्यातल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू. खेड्यातल्या माणसाने यावे, नीट बघावे, जमेल ते घरी जाऊन करावे, एवढाच हेतू. त्याच्या दोन वर्षे आधी खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले खेड्यातले अधिवेशन भरले, तिथेही ग्रामोद्योगाचे असेच प्रदर्शन मांडले होते.

आम्ही आत गेलो. चरखे तरी किती प्रकारचे! पेटीत मावणारा येरवडा चरखा, दोन चात्यांचा, पायाने चालणारा मगन चरखा, आणि नंतरच्या काळात निघालेला अंबर चरखा. मी एकेक नाव वाचून दाखवत होते. आत्याबाई 'हूं हूं' करत होत्या. दिसत तर नव्हतेच. एका उभ्या चाकाच्या लाकडी चरख्यापाशी मात्र त्या थबकल्या. तिथल्या बाईंना विचारून त्यांनी चाकावर हात ठेवला. मग मुठीवर. मग चातीचे टोक बोटाने चाचपले, जसे आंधळे माणूस नातवाचे नाक चाचपते.

"आपला अस्साच होता वं," त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात धस्स झाले.

तो चरखा त्यांनी देवळीकडच्या माहेराहून आणला होता. त्यांचे वडील सूत कातायचे, लग्नात पोरीला भांड्यांबरोबर तोही दिला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माळ्यावर पडलेला होता, एक आरी मोडलेली. माझा धाकटा झाला त्या वर्षी आषाढात आठ दिवस पावसाची झड लागली. पऱ्हाट्या भिजल्या, तुराट्या भिजल्या, चूल नुसती धुपायची. आत्याबाई पंढरपूरला गेलेल्या. दीड महिन्याचे लेकरू आणि आंघोळीला पाणी नाही. मी माळ्यावर चढले, चरखा खाली टाकला आणि कुऱ्हाडीने फोडला. जुने सागवान, काय छान पेटले! आत्याबाई वारीहून आल्या. मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. हे पंचवीस वर्षे चालले.

मगनवाडीत मी वाट पाहत राहिले, आता विचारतील. त्या तेवढेच बोलून पुढे सरकल्या. गाडीत तर त्यांना झोपच लागली. मला नाही लागली. बाहेर पुलगावपर्यंत कपाशीची वावरे. आपण गाड्या भरभरून कापूस बाजारात नेतो, आणि घरच्या कापसाचा एक धागा मी माझ्या हाताने ओढलेला नव्हता. वाती तेवढ्या आत्याबाई परसातल्या देवकापसाच्या वळत, म्हणून त्या विकत घ्याव्या लागत नसत. अकोल्याच्या विद्यापीठात पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला, २७ डिसेंबरच्या सुमारास, कृषी प्रदर्शन भरते. तिथे गेले की आपण नवे काय घ्यायचे ते बघतो. तेही बघावेच लागते. इथे मी घरातून काय काय गेले त्याची मनात यादी करत बसले. डवरा भंगारात. पायली, कुडव मोडीत. तिफणीची दिंडी गोठ्याच्या दाराला अडसर.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे झुंबर-माळांची आरास न करता आम्ही घरातले उरलेसुरले मांडले. शेजारच्या चार घरांनीही आणून दिले. सूप, जाते, उखळ-मुसळ, बैलाच्या घुंगरमाळा, तुरीच्या पेरणीचा एक सरता. सरता कोणी धरायचा यावरून म्हाताऱ्या बायकांत जुन्या आठवणी निघाल्या आणि हळदीकुंकू बाजूलाच राहिले. पोरींना जाते ओढून बघायचे होते. आत्याबाई मधोमध पाट टाकून बसल्या होत्या, देवकापसाच्या वाती वळत.

तेवढ्यात शेजारची म्हातारी म्हणाली, "तुमचा माहेरचा चरखा होता ना? तो काहून नाही ठेवला?"

हातात कोयरी घेऊन मी तिथेच उभी.

आत्याबाईंनी वात वळायची थांबवली नाही. "त्यानं माह्या नातवाचं आंघोळीचं पाणी तापवलं," त्या म्हणाल्या, "आता कुठून ठेवू?"