विशेष अभ्यासविषय : नाणेघाट

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत फी, वसतिगृह आणि हजेरीचे नियम संपले की एक तक्ता येतो. प्राध्यापकाचे नाव, शैक्षणिक पात्रता, अनुभव, विशेष अभ्यासविषय. हा तक्ता विद्यार्थी वाचत नाहीत, पालक तर नाहीच नाही. नॅकची समिती येणार असली की मात्र आम्ही सगळे रात्री जागून तो दुरुस्त करतो. माझ्या ओळीत एम.एस्सी. (गणित), सेट, पीएच.डी. असे आहे आणि शेवटच्या रकान्यात ‘ग्राफ थिअरी’. त्यात खोटे काही नाही. बिंदू आणि रेषांच्या जाळ्यांना ठरावीक नियमाने आकडे कसे द्यायचे, यावर मी प्रबंध लिहिला. ज्या मार्गदर्शकांकडे जागा रिकामी होती त्यांचा तो विषय, म्हणून माझा तो विषय. ग्रामीण महाविद्यालयांतल्या पुष्कळ प्रबंधांची जन्मकथा अशीच असते आणि स्टाफरूममध्ये ती मोकळेपणाने सांगितली जाते.

माझ्या खऱ्या आवडीचा विषय वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला आहे.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे लागते. रस्ता सोडून रानात शिरले की नानाचा अंगठा समोर ठेवून चालायचे. चढाच्या शेवटी खडकात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि खिंडीच्या तोंडाशी लेणे. खिंड ओलांडली की पलीकडे जुन्नर तालुका आणि तो प्रसिद्ध दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असे लोक सांगतात. पर्यटक रांजणापाशी फोटो काढतात आणि पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी करतात. लेण्याच्या भिंतींवर मजकूर आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

हा मजकूर म्हणजे सातवाहन राणी नागनिकेचा लेख. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. काळाबद्दल विद्वानांत वाद आहे; कुणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाकडे झुकतात, कुणी पहिल्या शतकाच्या उत्तरार्धाकडे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष एवढेच उरले आहे. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची यादी आहे: अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येक यज्ञाशेजारी दक्षिणा. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० काहापण, म्हणजे कार्षापण नाणी. इतिहासाचे प्राध्यापक या यादीत सातवाहनांचा वैदिक धर्म बघतात. मी गणिताचा माणूस, मला आकडे दिसतात. शब्दांत लिहिलेल्या संख्या नव्हेत, आकड्यांची खरीखुरी चिन्हे. भारतात एका ठिकाणी इतक्या प्रकारची अंकचिन्हे मिळण्याचे हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक आहे, आणि ते आमच्या कॉलेजच्या एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे.

२४,४०० ही संख्या आपण पाच अंकांत लिहितो आणि त्यांतली दोन शून्ये असतात. नाणेघाटात ती तीन चिन्हांत संपते. हजाराच्या चिन्हाला विसाचे चिन्ह जोडले की वीस हजार. त्याच हजाराला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार. शंभराच्या चिन्हाला चार जोडले की चारशे. तिन्ही ओळीने ठेवायची आणि वाचणाऱ्याने बेरीज करायची. शून्य नाही आणि त्याची अडचणही होत नाही, कारण इथे चिन्ह कोणत्या जागी आहे यावर त्याची किंमत ठरतच नाही. त्याच यज्ञाला जमलेल्या लोकांना वाटलेली रक्कम ६,००१ आहे: सहा हजारांचे जोडचिन्ह आणि पुढे एक आडवी रेघ. दोन सहस्रकांपूर्वीही वरचा एक देण्याची पद्धत होती, हे कळल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो. मग कुणीतरी विचारतेच की या चिन्हांनी गुणाकार कसा करत असतील? गुणाकार भिंतीवर होत नव्हता. भिंतीवर फक्त उत्तर आहे.

नाणेघाटात ३, ५ आणि ८ यांची चिन्हे सापडत नाहीत. त्यांना भेटायला नाशिकच्या लेण्यांत जावे लागते, म्हणजे काळानेही पुढे, क्षत्रप नहपानाच्या आणि नंतरच्या सातवाहनांच्या लेखांपर्यंत. चार हजाराचे जोडचिन्ह दोन्हीकडे आहे. ते कोरताना हात कुठे वळतो, कुठे तुटतो, हे ताडून बघण्यात माझ्या सुट्ट्या जातात. या कामाला माहितीपुस्तिकेत रकाना नाही आणि सेवापुस्तकात गुण नाहीत.

पण हा लेख ज्यांनी वाचला, त्यांचाच एक तक्ता मांडून बघावा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाणेघाटाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले कर्नल विल्यम साइक्सने. पात्रता : फौजी अधिकारी. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले होते. ते करता करता त्याने इथल्या पक्ष्यांवर लिहिले. एक चंडोल आणि एक रातवा आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. पुढे लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत त्याचे नाव आले. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी. पात्रता : कोणतीही नाही. जुनागडचा हा मुलगा गिरनारच्या शिलालेखाशी झटत लिपी शिकला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्याला हाताशी घेतले. भाऊ दाजींची पात्रता तरी काय, तर ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर! नाणेघाटातल्या अंकांवरचा पायाभूत लेख भगवानलालांनीच १८७७ च्या सुमारास एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात लिहिला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तक्त्यात शोभतील अशी माणसे नंतर आली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राच्य भाषांचे प्राध्यापक असलेले गेओर्ग ब्यूलर आणि पुढच्या शतकात नागपूरच्या मॉरिस कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी. सातवाहनांचे कोरीव लेख आज आपण मराठीत एकत्र वाचू शकतो ते मिराशींमुळे.

आणि मग दामोदर धर्मानंद कोसंबी. इथे मला जरा थांबायचे आहे.

कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले, हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवीधर झाले. पीएच.डी. त्यांनी कधी केली नाही. आजच्या नियमांनी ते सहयोगी प्राध्यापकसुद्धा झाले नसते. बनारस, अलीगढ करून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि १९४५ पर्यंत तिथे राहिले. माहितीपुस्तिकेत त्यांच्या नावापुढे ‘विशेष अभ्यासविषय : भूमिती’ असे छापले असते तर ते बरोबरच ठरले असते. त्याच काळात हा माणूस तक्षशिलेच्या साठ्यातली आहत नाणी एकेक करून वजनकाट्यावर ठेवत होता. नाणे जितका काळ बाजारात फिरते तितके झिजते. मग हजारो नाण्यांच्या वजनांचा पसारा संख्याशास्त्राने तपासला, तर कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळू शकेल. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्राच्या एका नियतकालिकात गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. भाताची नवी वाणे तयार करणारे शास्त्रज्ञ ते अजून ‘कोसंबी फंक्शन’ म्हणून वापरतात. शिवाय भर्तृहरीच्या शतकांची संपादित आवृत्ती. शिवाय पुण्याच्या टेकड्यांवर वेचलेली अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे.

आमच्या घाटाशी त्यांचा संबंध येतो तो पायांमुळे. लेणी नेहमी घाटवाटांच्या आसपासच का सापडतात, हा प्रश्न त्यांनी चालता चालता विचारला. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाटाने जुन्नरला, पुढे पैठणला जायचा. लेण्यांतले विहार हे हा माल नेणाऱ्या तांड्यांचे निव्वळ विसाव्याचे ठिकाण नव्हते, ते त्या व्यापाराचे भागीदार होते, अशी त्यांची मांडणी. तिच्यावर नंतर आक्षेप आले, काही रास्तही होते. पण नकाशावर लेणी आणि घाट एकत्र बघायची सवय लागली ती लागलीच.

चहूकडे हात घालणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना कोसंबींनी रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यताशास्त्राच्या वाटेने मांडली, आणि छापली ती कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. ती टिकली नाही. गणितज्ञ नाराज झाले आणि १९६२ नंतर संस्थेने त्यांचा करार पुढे नेला नाही. म्हणून ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द परिसंवादाच्या फलकावर दिसला की मला जरा धास्ती वाटते. फलकावर तो स्वस्त असतो.

आणखी दोन माणसे या तक्त्यात घालायला हवीत, कारण ती आमच्याच रेल्वेमार्गांवरची आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य थिओडोर कुक हे व्यवसायाने इंजिनियर. बी.बी.सी.आय. रेल्वेच्या नोकरीत वसईच्या लोखंडी पुलाचे काम केलेला माणूस. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. माझे वनस्पतिशास्त्राचे सहकारी माळशेजच्या कड्यावरचे एखादे रोपटे ओळखताना आजही कुक उघडतात. दुसरे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू, तेव्हाचा ठाणे जिल्हा. फर्ग्युसनची बी.एस्सी., पुढची पदवी नाही, आणि सगळी नोकरी कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर येणाऱ्या देवळालीत, शाळामास्तराची. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ येते. ३५२४ घेऊन बघा : ३०८७, ८३५२, ६१७४. हे त्यांना १९४९ साली सापडले. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले, ते डोंबिवली स्टेशनवरून, कारण कल्पना तिथे सुचली होती. आमची मुले रोज त्या स्टेशनवरून जातात.

आता आमच्याकडे येऊ. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत नोकरी करणारा प्राध्यापक कल्याण-डोंबिवलीहून ये-जा करतो, किंवा तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत फिरतो. ज्याला वर्षातले काही महिनेच, तेही तासांच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्याला ‘तुमचे संशोधन काय?’ असे विचारणे मला असभ्य वाटते. कायम असलेल्यांची वेगळी गत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने संशोधनाला गुण जोडले, आणि शोधनिबंध ही मालाची मोजणी झाली. पैसे भरून छापून देणारी नियतकालिके पावसाळी भूछत्रांसारखी उगवली. ती निवडून काढायला मग यादी आली, यादीवर वाद आले. या सगळ्यात ‘ग्राफ थिअरी’ सोयीची पडते : कागद, पेन, लॅपटॉप, बास. नाणेघाटाला उन्हात चढावे लागते, एका चिन्हाचा धड फोटो मिळायला योग्य कोनातला प्रकाश लागतो आणि वर्षभरानंतरही निबंध तयार होईल याची खात्री नसते.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय आणला आणि फील्ड प्रोजेक्टही. पहिल्या विषयासाठी मुलांना सर्रास ‘वैदिक गणिता’च्या क्लृप्त्यांची पीडीएफ पाठवली जाते. नाणेघाटाच्या पायथ्याशी बसून हे करणे मला चमत्कारिक वाटते. म्हणून मी दोन्ही एकत्र केले आणि मुलांना वर नेऊ लागलो. इतिहासाच्या मॅडम आल्या, वनस्पतिशास्त्राचे सर कुकच्या भरवशावर आले, कॉमर्सचे सर ‘चालायला तेवढेच’ म्हणून आले.

आमच्या वर्गात म्हशाच्या बाजूची मुले असतात. पौषातल्या म्हशाच्या जत्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो आणि त्यांच्या घरातली माणसे तिथे सौदे करतात. ११,००० गाई हा आकडा ऐकल्यावर इतर मुले ‘बापरे’ म्हणतात. त्यांतल्या एकाने विचारले, ‘‘सर, एवढी गुरं उभी कुठं केली? पाणी कुठलं?’’ नाणेघाटावर मी जे वाचले आहे त्यात हा प्रश्न मला भेटला नव्हता. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, यज्ञ इथे घाटात झाले असे लेख म्हणत नाही, ते राजधानीत झाले असतील. ‘‘मग तिकडं तरी,’’ मुलगा म्हणाला. ‘‘शंभर जनावरांना चारा घालायचा म्हणजे काय असतं, मला माहीत आहे.’’ वनस्पतिशास्त्राचे सर गवताच्या हंगामावर बोलू लागले : इकडचे गवत फाल्गुनापर्यंत कोळपून जाते, मग यज्ञ कोणत्या ऋतूत झाला यावर चाऱ्याचा सगळा हिशेब फिरतो. मॅडमनी दुसरी शक्यता काढली. दानात गाईऐवजी तिचे मोल देण्याची सोय धर्मशास्त्रात आहेच. तेव्हा गाई मोजल्या गेल्या आणि दिली गेली नाणी, असेही असेल. पण मग त्याच लेखात गाई वेगळ्या आणि काहापण वेगळे कशाला कोरले? उतरताना अर्धी वाट हाच वाद चालला होता.

या वर्षी तीन मुलींनी हाच फील्ड प्रोजेक्ट घेतला आहे. म्हशाच्या बाजारात जाऊन त्या एका जनावराचा रोजचा चारा, पाणी आणि राखण यांचा हिशेब विचारून आणणार, आणि तो लेखातल्या आकड्यांना लावून बघणार. मार्गदर्शक म्हणून आम्हा चौघांची नावे आहेत. कॉमर्सच्या सरांनी पहिल्याच बैठकीत अट घातली : रकमा शेवटपर्यंत काहापणांतच ठेवायच्या, रुपयांत कुणी करायच्या नाहीत.