गुलबर्ग्याचा मुक्काम

गुलबर्गा शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले असले, तरी भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी माणसाच्या तोंडी जुनेच नाव रुळलेले आहे. एके काळी ही बहामनी सुलतानांची राजधानी होती. आज आपल्या खेड्यापाड्यांतील माणसे तेथे जातात ती राजधानी पाहावयास नव्हे, तर बहुधा अडीअडचणीच्या प्रसंगी. उच्च न्यायालयाचे पीठ तेथे २००८ मध्ये फिरते म्हणून सुरू झाले व २०१३ मध्ये कायम झाले. बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेची आणि किडवई कर्करोग संस्थेची शाखा तेथे आहे. विद्यापीठही आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून हुमनाबादकडच्या लोकांना जाणे सोपे झाले. परंतु न्यायालयाची तारीख लांबते, डॉक्टर 'उद्या या' म्हणून सांगतात, आणि नात्यागोत्याचे कोणी नसलेल्या शहरात रात्र काढण्याची वेळ येते.

पूर्वी अशा वेळी धर्मशाळा किंवा ओळखीच्या माणसाची ओसरी हाच आधार असे. आता स्टेशन रस्त्याच्या व सुपर मार्केटच्या बाजूस कित्येक मजल्यांची हॉटेले उभी आहेत. काचेचे दार, गार हवेची बैठक आणि गणवेशातील माणूस पाहून आपला शेतकरी उंबऱ्यातच बुजतो. बुजलेला माणूस विचारावयाचे ते विचारीत नाही, न वाचलेल्या कागदावर सही करतो, आणि निघताना बिल पाहून कष्टी होतो. हे टाळण्यास मोठी विद्या लागत नाही. हॉटेलातील मुक्काम हा पाहुणचार नव्हे, तो एक करार आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. सोयऱ्याच्या घरी प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. येथे न विचारणे नुकसानीचे ठरते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-फराळाचे दुकान, आणि निजावयाची जागा ती लॉज. गुलबर्ग्यातही पुष्कळ हॉटेलांत फक्त खाणेच मिळते. म्हणून 'राहण्याची खोली आहे काय?' असेच स्पष्ट विचारावे. पाट्या कानडीत असल्या तरी घाबरू नये. शहरात कानडीबरोबर दखनी उर्दू सर्रास चालते, मराठी समजणारेही भेटतात. ऊन पाण्याला कानडीत 'बिसि नीरु' म्हणतात, एवढे दोन शब्द पाठ असलेले बरे.

दुसरी गोष्ट वेळेची. काही ठिकाणी दिवस चोवीस तासांचा धरतात. खोली घेतल्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ती आपली. परंतु नव्या पद्धतीच्या पुष्कळ हॉटेलांत दिवस दुपारी बारापासून बारापर्यंत मोजतात. अशा ठिकाणी पहाटे पाचच्या गाडीने उतरलेल्या माणसाने लगेच खोली घेतली, तर दुपारी बारालाच त्याचा एक दिवस संपू शकतो, आणि सात तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडते. म्हणून 'खोली केव्हा सोडावी लागेल?' हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावा.

भाडे विचारताना 'करासह किती?' असे विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर शेकडा पाच रुपये जीएसटी आहे. दीड हजारांची खोली म्हणजे १,५७५ रुपये, आणि तीन रात्रींचे ४,७२५ रुपये. तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे पैसे पडतील काय, लहान मुलांचे काय, हेही आधीच ठरवावे. खोली डोळ्यांनी पाहावी, नळ सोडून पाहावा, दाराची कडी आतून लागते की नाही ते तपासावे, आणि मगच पैसे द्यावेत. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. बरोबर आजारी माणूस असेल, तर लिफ्ट आहे काय हे विचारावे; तत्पूर्वी रुग्णालयातच नातेवाइकांच्या राहण्याची सोय आहे काय, याची चौकशी करावी.

मुलगा मोबाइलवरून खोली ठरवून देत असेल, तर उत्तमच. मात्र हॉटेलच्या नावाने भलत्याच माणसाचा दूरध्वनी क्रमांक देऊन आगाऊ पैसे उकळणारे भामटे असतात. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ माणसाचे जवळ असावे. हॉटेलच्या वहीत नाव, पत्ता व येण्याचे कारण लिहून घेतात. त्यात आपला अपमान नाही, तो सर्वांनाच लागू असलेला नियम आहे. आधारची प्रत देणे झाल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत काढून न्यावी.

खोलीत गेल्यावर दिवे लागत नाहीत म्हणून पुष्कळजण गोंधळतात. किल्लीऐवजी कार्ड मिळाले असेल, तर ते दाराजवळच्या खाचेत बसवल्यावरच वीज सुरू होते, आणि काढताच बंद होते. गिझरचे बटण लावून थोडा वेळ थांबावे लागते. ऊन पाणी आधी बादलीत घेऊन हाताने पाहावे, मगच मुलांच्या अंगावर घालावे. खोलीत ठेवलेल्या बाटल्या व खाऊ फुकट आहेत असे समजू नये. विचारूनच हात लावावा. निजण्यापूर्वी जिना कोठे आहे ते पाहून ठेवावे, कारण आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही.

जेवण हॉटेलातच घेतले पाहिजे असे नाही. बाहेर 'खानावळी' अशी पाटी दिसेल. हा आपला मराठी शब्द उत्तर कर्नाटकात घरच्यासारखा नांदतो. तेथे जोंधळ्याची भाकरी व तुरीचे वरण मिळते, आणि गुलबर्ग्याच्या तुरीच्या डाळीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हॉटेलात जेवल्यास बिल वाचावे. 'सर्व्हिस चार्ज' देणे सक्तीचे नाही. तसे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिले, व दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक क्रमांक आहे.

काम लवकर उरकले, तर किल्ल्यातील जामी मशीद अवश्य पाहावी. १३६७ साली बांधलेल्या या मशिदीला नेहमीसारखे उघडे अंगण नाही. सारी वास्तू घुमटांखाली झाकलेली आहे. १४२२ साली निवर्तलेल्या ख्वाजा बंदेनवाझांचा दर्गाही येथेच आहे, आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे तेथे येतात.

करार म्हटला की त्याला दोन बाजू आल्या. आपण पैसे मोजले म्हणून भिंतीवर थुंकण्याचा, टॉवेल पिशवीत घालण्याचा किंवा रात्री मोठ्याने बोलून शेजाऱ्याची झोप मोडण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. खोली झाडणारा मुलगाही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या खेड्यातून आलेला असतो; त्याला 'अरे-तुरे' न करता बोलवावे. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, तेव्हा त्याने मालकाच्या हाती दोन नाणी आगाऊ ठेवली आणि अधिक खर्च होईल तो परतताना फेडण्याचे वचन दिले. त्याची दया मोठी होती, आणि व्यवहारही चोख होता. परक्या शहरात जाणाऱ्या माणसाने या दोन्ही गोष्टी बरोबर न्याव्यात. मग काचेच्या दारातून आत जाताना मान खाली घालण्याचे कारण उरणार नाही.